शेवाळ येतं कुठून?

(१९९४ च्या दहावीच्या स्नेहमेळाव्यात, डिसेंबर २०२४ मध्ये केलेलं भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू कॅलिफोर्नियात सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर एआयवर बोल." मी म्हटलं, एआयवर बोलणारे आपल्या बॅचमध्ये चौघे तरी निघतील, मी शेवाळावर बोलते. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग विचारणा झाली, "हे तुझ्या प्रोजेक्टचं नाव आहे का?"

नाही. शेवाळ म्हणजे शेवाळच. आपल्या शाळेच्या मागच्या जांभ्याच्या पायऱ्यांवर जुलै महिन्यात यायचं ते. त्यावरून आपल्यातले निम्मे लोक कधी ना कधी घसरलेले आहेत, आणि ज्यांनी हात मोडून घेतला होता ते गृहस्थ आज दुसऱ्या रांगेत बसलेत. त्यांना माझं म्हणणं लगेच पटेल की शेवाळ ही गंभीर गोष्ट आहे.

माझ्या घरात, दिवाणखान्यात, एक समुद्राच्या पाण्याची टाकी आहे. चार फूट लांब, साधारण २८० लिटर पाणी. त्यात मासे आहेत, पण खरं म्हणजे ती माशांसाठी नाही, प्रवाळांसाठी आहे. जिवंत कोरल. इंग्रजीत याला रीफ टँक म्हणतात. या टाकीतल्या शेवाळाशी माझी २०१९ साली जी झटापट झाली ती सांगायची आहे. त्यात आमचे बाबा येतात. बाबा तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असतील. पोस्टात होते, सायकलवरून यायचे, आणि माझा डबा राहिला की थेट वर्गाच्या खिडकीतून आत द्यायचे.

हे खूळ लागलं कसं, ते आधी सांगते. सहावीत आपली सहल झाडगावच्या मत्स्यालयात गेली होती. आठवतं? मी एका काचेला नाक लावून इतका वेळ उभी राहिले की बाकीची रांग पुढे गेली. पुढे संसार, नोकरी, परदेश यात ते विसरून गेले. मग सॅन फ्रान्सिस्कोत एकदा लेकीला घेऊन स्टाइनहार्ट मत्स्यालय पाहायला गेलो. तिथं फिलिपाइन्समधल्या प्रवाळांची टाकी आहे, २,१२,००० गॅलनची, म्हणजे आठ लाख लिटर. मी पुन्हा काचेला नाक लावून उभी. लेक म्हणाली, "आई, चल ना." आठच महिन्यांत, २०१७ च्या नोव्हेंबरात, घरात टाकी आली.

खारं पाणी आम्ही समुद्रातून आणत नाही. नळाचं पाणी आधी आरओमधून आणि त्यापुढच्या आणखी एका गाळणीतून काढायचं, इतकं की त्यात काही म्हणजे काहीच उरता कामा नये. मग त्यात लिटरला ३५ ग्रॅमच्या हिशोबानं खास मीठ घालायचं. माझ्या टाकीला पहिल्यांदा दहा किलो मीठ लागलं. सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर ते पाहिलं आणि विचारलं, "लोणचं घालतेस का?" त्यावर पंप, हीटर, निळसर दिवे. सगळं मिळून इतका खर्च झाला की तो आकडा मी नवऱ्यालाही एकरकमी सांगितलेला नाही. आज तो इथं बसलाय, म्हणून पुढे जाते.

एक गोष्ट मध्येच सांगून टाकते, कारण आपल्यातले दोघेतिघे लगेच टाकी घ्यायला निघतील. आपल्याकडे दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंक्तीत. मालवणला पाण्याखाली जाऊन बघा, हात लावू नका, तुकडाही घरी आणू नका. मी जे पाळते ते तिकडे टाकीतच वाढवलेल्या प्रवाळांचे तुकडे असतात. लोक एकमेकांना देतात, गुलाबाच्या फांद्या द्याव्यात तसे.

आता शेवाळ. नवी टाकी सुरू केली की पहिल्या काही आठवड्यांत सगळीकडे तपकिरी पूड पसरते. ते डायटम. घाबरायचं नाही, आपोआप जातं. मग हिरवं येतं. काचेवर पातळ थर आला तर चुंबकाच्या ब्रशनं पुसायचा. कधी लालभडक चिकट चादर पसरते, ते खरं म्हणजे शेवाळ नव्हेच, सायनोबॅक्टेरिया. कधी हिरवे मण्यासारखे फुगे येतात, दिसायला सुंदर असतात, ते न फोडता उचलायचे. आणि एक येतं केसाळ शेवाळ. हिरव्या केसांच्या बटा, खडकावर, पंपावर, प्रवाळाच्या बुडाशी. एकदा धरलं की दर आठवड्याला उपटा, पुढच्या आठवड्याला तितकंच.

नवशिक्याचा पहिला प्रश्न असतो, हे आलं कुठून? माझाही तोच होता. मला वाटायचं, दुकानातून आणलेल्या खडकावरून आलं असणार, कुठल्या तरी गोगलगाईच्या पाठीवरून आलं असणार. म्हणजे बाहेरून कुणीतरी घुसलं आणि आता त्याला हुडकून काढायचं. पण त्याचे कण सगळीकडे असतातच. शेवाळाला वाढायला लागतं काय? उजेड, नायट्रेट आणि फॉस्फेट. उजेड प्रवाळाला हवाच, त्यामुळे तो बंद करता येत नाही. उरलं नायट्रेट-फॉस्फेट, आणि ते टाकीत येतं माशांच्या खाण्यातून. मासा खातो, विष्ठा टाकतो, उरलेलं कुजतं. टाकीच्या बाहेर ते आपोआप जात नाही. जेवढं घातलं तेवढं कुठल्या ना कुठल्या रूपात आत राहतं, जोपर्यंत तुम्ही स्वतः बाहेर काढत नाही.

मग समुद्रात प्रवाळावर शेवाळ का दिसत नाही? तिथंही ते वाढतं, भरपूर वाढतं. पण दिवसभर कुणी ना कुणी ते चरत असतं. जमैकात हे चरणारे गेल्यावर काय होतं ते सगळ्या जगानं पाहिलं. तिथं शेवाळ खाणारे मासे मासेमारीनं आधीच संपत आले होते. १९८० च्या वादळानं प्रवाळ मोडले. तरी लांब काट्यांचे काळे सी-अर्चिन होते, ते रात्रभर खडक खरवडून खायचे. १९८३ मध्ये कॅरिबियन समुद्रात एक रोग आला आणि ते जवळजवळ सगळे मेले. टेरी ह्यूज नावाच्या शास्त्रज्ञानं १९९४ साली, म्हणजे आपण दहावीच्या परीक्षेला बसलो त्या साली, त्याचे आकडे प्रसिद्ध केले. १९७७ मध्ये समुद्रतळाचा ५२ टक्के भाग जिवंत प्रवाळानं झाकलेला होता, १९९३ मध्ये ३ टक्के. शेवाळ होतं ४ टक्के, ते झालं ९२.

दुसरं उदाहरण हवाईच्या ओआहू बेटावरच्या कानेओहे उपसागराचं. तिथं वर्षानुवर्षं गावाचं सांडपाणी सोडत होते, आणि बुडबुड्यासारखं एक हिरवं शेवाळ प्रवाळांवर पसरत गेलं. १९७७-७८ मध्ये ते सांडपाणी उपसागरातून काढून बाहेर खोल समुद्रात वळवलं, आणि पुढच्या काही वर्षांत शेवाळ ओसरलं. तेव्हा हिशोब दोन बाजूंचा आहे: किती घातलं आणि किती खाल्लं गेलं. एवढं मला पाठ होतं. माझ्याकडे चरायला गोगलगाई होत्या, शेवाळ खाणारा एक पिवळा टँग मासा होता. दर रविवारी पाणी तपासायचं, आकडे एक्सेलमध्ये भरायचे, त्याचे आलेख काढायचे. खारटपणा, तापमान, नायट्रेट, फॉस्फेट, कॅल्शियम. ऑफिसात सर्व्हरवर लक्ष ठेवते तसंच.

बाबा आमच्याकडे २०१८ मध्ये राहायला आले. आई जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि इथल्या घरात एकटं राहणं त्यांना जड जात होतं. तिकडे त्यांचं मन रमेना. ना कट्टा, ना पेपर, ना चालत जाऊन मिळणारं पान. आम्ही दोघं दिवसभर ऑफिसात, लेक शाळेत. टाकी मात्र त्यांना आवडली. पहिल्या दिवशी खुर्ची ओढून समोर बसले आणि म्हणाले, "हे बरं आहे. मांडवीला बसल्यासारखं वाटतं." मग माशांना खायला घालायचं काम त्यांच्याकडे गेलं. आंघोळ, पूजा, आणि स्वतःच्या न्याहारीआधी माशांची न्याहारी. मुक्या जिवांनी आधी खायचं हा आमच्या घरचा जुना नियम. फ्रीझरमध्ये बारीक कोळंबीसारख्या जिवांचे गोठवलेले चौकोन असतात, तीस चौकोनांचा एक ट्रे. रोज एक चौकोन, वाटीत टाकीचंच पाणी घेऊन विरघळवायचा आणि चमच्यानं थोडा थोडा सोडायचा. वर्षभर हे इतकं व्यवस्थित चाललं की मी त्याकडे पाहणंच सोडलं.

२०१९ च्या मार्चमध्ये केसाळ शेवाळ आलं. एप्रिलमध्ये खडक दिसेनासे झाले. फॉस्फेट लिटरला ०.०४ मिलिग्रॅम असायचं ते ०.३८ झालं, नायट्रेट ८ वरून ४० वर. मी काय काय केलं! गाळणीचे सगळे भाग बदलले. दिव्यांचे तास कमी केले. दर शनिवारी टूथब्रश घेऊन खडक घासले. टाकीवाल्या एका ओळखीच्या बाईकडून सागरी ससा आणला. ससा म्हणजे गोगलगाईचाच एक मऊ, बाहेरून शंख न दिसणारा प्रकार. तो शेवाळावर अक्षरशः बुलडोझरसारखा फिरतो. तिकडे एकच ससा पाच घरांत फिरत असतो, कारण शेवाळ संपलं की तो उपाशी मरेल, म्हणून लगेच पुढच्या घरी द्यायचा. माझ्याकडे तो सहा आठवडे राहिला, आणि जाताना गुटगुटीत झालेला होता. शेवाळ जसंच्या तसं.

एका रात्री नवऱ्यानं सहज विचारलं, "हे मासे खातात तरी किती? पंधरा दिवसांत तीन ट्रे?" खरेदी त्याच्याकडे असायची. त्याला वाटत होतं मी खाणं वाढवलंय. मला वाटत होतं रोज एक चौकोन जातोय. तीन ट्रे म्हणजे नव्वद चौकोन. मी तिथल्या तिथे भागाकार केला. रोज सहा.

माझ्या त्या एक्सेलमध्ये अकरा रकाने होते. खाणं किती घातलं याचा रकाना नव्हता. वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेल्या बाईनं इनपुटच मोजलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाबांवर ओरडले. ऑफिसला जायची घाई होती, आधीच एक मीटिंग चुकली होती. "बाबा, किती वेळा सांगितलं, दिवसातून एकदाच घालायचं! सगळी टाकी नासली." ते म्हणाले, "अगं, आज तर मी अजून घातलंच नाही." वाटी त्यांच्या हातात होती, ओली. मला वाटलं, खोटं बोलतायत. लहान मुलासारखं तोंडावर खोटं. मी ट्रे उचलला आणि गॅरेजमधल्या फ्रीझरमध्ये नेऊन ठेवला. त्यांना गॅरेजचं दार उघडायला जमत नसे. ते मला ठाऊक होतं.

तीन दिवसांनी टाकीचं पाणी दुधाळ झालं आणि वाळूवर भाताची शितं दिसली.

शेवाळ दिवसात किती वाढतं हे पाहायला मी टाकीवर एक कॅमेरा लावला होता. दर मिनिटाला एक फोटो. मी फक्त खडकाचा कोपरा मोठा करून बघत असे. त्या रात्री पूर्ण चौकट पाहिली. सात चाळीसला बाबा आले, वाटीत भात, चमच्यानं थोडा थोडा सोडला, मासे खाईपर्यंत थांबले, वाटी धुऊन पालथी घातली. नऊला आले. तीच वाटी, तसंच थांबणं, तशीच धुऊन पालथी. साडेदहाला. बाराला. प्रत्येक वेळी घड्याळाकडे पाहत होते, उशीर झाला का म्हणून. वाटी दर वेळी धुतलेली असायची, त्यामुळे मोरीत कधी काही सापडलं नव्हतं. नवरा मागे उभा राहून बघत होता. तो म्हणाला, "अगं, हे मुद्दाम करत नाहीयेत."

पुढे डॉक्टर, चाचण्या, स्मृतिभ्रंशाची सुरुवात असल्याचं निदान, ते सगळं झालं. त्यावर मी इथं जास्त बोलणार नाही. आपल्यातल्या कितीतरी जणांच्या घरी ते चालू आहे. फक्त एवढं सांगते की त्याआधी दोन महिने बाबा एकच गोष्ट दोनदा सांगत होते, मला फोनवर तेच तेच विचारत होते, आणि मी ते वय म्हणून सोडून दिलं होतं. फॉस्फेटचा आकडा मात्र दर रविवारी लिहीत होते.

आणि इतकं कळल्यावर शहाणपणा यायला हवा होता की नाही? मला राग आला. डॉक्टरांवर, वयावर काढता येत नव्हता, तो मी शेवाळावर काढला. खाणं आता मीच घालत होते, तरी फॉस्फेट उतरेना. कारण खडक चुनखडीचे असतात, ते महिनोन्महिने फॉस्फेट शोषून ठेवतात आणि पाण्यातलं कमी झालं की हळूहळू परत सोडतात. थांबायला हवं होतं. मी फॉस्फेट ओढून घेणारे लोहाचे दाणे दुप्पट घातले. दिसायला ते गंजाचे दाणेच असतात, आणि थोडक्यात तसेच असतात. शिवाय व्होडका सुरू केली. हसू नका! टाकीला. रोज काही थेंब व्होडका घातली की बॅक्टेरिया वाढतात, ते नायट्रेट खातात, आणि मग ते फेसाबरोबर बाहेर काढता येतात. शिवाय दिवे निम्म्यावर. ऑफिसात नव्या मुलांना मी पहिल्या दिवशी सांगते, एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर काय लागू पडलं ते कळणार नाही. इथं एका आठवड्यात तीन बदलल्या.

पाच आठवड्यांत नायट्रेट शून्य, फॉस्फेट ०.००. शेवाळ पांढरं पडलं आणि गळून गेलं. खडक लख्ख. मी फोटो काढून आपल्या ग्रुपवर टाकला होता, कुणीतरी अंगठा दिला होता.

त्यानंतर दहाव्या दिवशी वाळूवर तपकिरी, शेंबडासारखा तार येणारा थर दिसला, आत हवेचे बुडबुडे. संध्याकाळी पुसला, सकाळी नव्हता, दुपारपर्यंत परत आला. गोगलगाई उलट्या पडायला लागल्या. प्रवाळांचा रंग उडाला. प्रवाळाच्या आत सूक्ष्म शैवाल राहतं, ते उन्हावर अन्न तयार करून प्रवाळाला देतं. त्या शैवालालाही नायट्रेट-फॉस्फेट थोडं लागतंच. मी घरातलं सगळं धान्य काढून घेतलं होतं, शत्रूचं आणि आपलं.

लेकीनं तिचा सूक्ष्मदर्शक आणला. एक थेंब काचपट्टीवर ठेवला आणि चारशे पट मोठं करून पाहिलं. तिळासारखे, एका टोकाला निमुळते दाणे, आणि प्रत्येक दाणा जागच्या जागी खुंटीला बांधल्यासारखा डोलतोय. बाई, तुम्ही आम्हाला स्पायरोगायरा दाखवला होता, त्याची ती हिरवी फिरकीची फीत. वर्गात एकच सूक्ष्मदर्शक, साठ मुलं, प्रत्येकाला पाच सेकंद. मला तेव्हा आधी फक्त माझ्याच पापण्या दिसल्या होत्या, आणि तुम्ही मला परत रांगेत उभं केलं होतं. त्या रात्री मी तो थेंब तासभर पाहिला.

हे डायनोफ्लॅजेलेट, त्यातला ऑस्ट्रिऑप्सिस नावाचा प्रकार. आपल्या किनाऱ्यावर रात्री लाटा निळ्या चमकतात ना, तो नॉक्टिल्युका त्यांच्याच गोतावळ्यातला. ऑस्ट्रिऑप्सिस विषारी असतो, म्हणून त्याला खाणाऱ्या गोगलगाई मेल्या. आणि तो नेमका अशा टाकीत माजतो जिथं नायट्रेट-फॉस्फेट शून्य झालेलं असतं, कारण जागेसाठी त्याच्याशी भांडणारं साधं हिरवं शेवाळ, बॅक्टेरिया, बाकीची सगळी गर्दी आधीच उपाशी मेलेली असते. ज्या शेवाळाला मी काढलं, ते त्याला अडवून धरत होतं.

उपाय ऐकून मी डोक्याला हात लावला. लोहाचे दाणे काढा. व्होडका बंद. काही आठवडे पाणी बदलू नका. अतिनील दिव्याची नळी लावा, कारण हा प्राणी रात्री वाळू सोडून पाण्यात येतो, तेव्हा पंपानं त्या नळीतून जातो आणि मरतो. आणि माशांना भरपूर खायला घाला.

म्हणजे टाकीला आता खाणं जास्त हवं होतं. आणि बाबा रोज रिकामी वाटी घेऊन टाकीसमोर बसत होते, कारण मी त्यांच्याकडून ते काम काढून घेतलं होतं.

वार लिहिलेली औषधांची डबी असते बघा, सकाळ-संध्याकाळचे खण असलेली. तशी एक नवी आणली. इंग्रजी अक्षरांवर सो, मं, बु असं लिहून चिकटवलं. प्रत्येक खणात मोजून सुक्या खाण्याचे दाणे. खण भरलेला असेल तर घालायचं, रिकामा असेल तर आजचं झालं. बाबांनी डबी उलटसुलट करून पाहिली. पोस्टात चाळीस वर्षं खणांमध्ये पत्रं टाकलेला माणूस. म्हणाले, "हे सॉर्टिंगचं काम आहे." त्या दिवसापासून एकदाही जास्त पडलं नाही. कधी दिवसात आठ वेळा डबी उघडून बघायचे, "आज झालं वाटतं," म्हणायचे आणि खुर्चीत बसायचे. फॉस्फेट ०.०० वरून हळूहळू ०.०८ पर्यंत आलं, नायट्रेट ६. अकरा आठवड्यांनी तपकिरी थर गेला. चौदा प्रवाळांपैकी पाच वाचले. मागच्या काचेवर हिरवं यायला लागलं तेव्हा मला इतका आनंद झाला की मी ऑफिसात सांगितलं, आणि लोकांनी माझ्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं.

ती डबी दीड वर्ष चालली. मग वार वाचणंही जमेनासं झालं. २०२१ च्या शेवटी बाबांना इथं भावाकडे आणलं, त्यांची तीच इच्छा होती. मागच्या वर्षी ते गेले. त्या सकाळच्या ओरडण्याबद्दल मी त्यांची माफी मागितली होती. त्यांना ते काही आठवत नव्हतं. म्हणाले, "तू कशाला ओरडशील?" हे चांगलं झालं की वाईट, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता टाकीचं म्हणाल तर, तळाशी कपाटात एक वेगळा कप्पा केलाय. त्यात मुद्दाम शेवाळ वाढवते. हिरव्या तारेच्या गुंत्यासारखं दिसतं, रात्री त्यावर दिवा असतो. वरच्या टाकीतलं जादा खतपाणी ते खातं, आणि मी दर दोन आठवड्यांनी मूठभर काढून टाकते. ही कल्पना माझी नाही. स्मिथसोनियनच्या वॉल्टर एडी यांनी १९८० च्या दशकात शेवाळावरूनच पाणी वाहवून ते स्वच्छ करण्याची पद्धत बसवली, तिचंच हे घरगुती भावंड. काढलेलं शेवाळ गुलाबांना घालते, आधी धुऊन, मिठामुळे. एक्सेलमध्ये बारावा रकाना आहे. आणि शून्य आकडा दिसला की मी घाबरते.

ज्यांच्या अंगणात कमळाचं टाकं आहे, किंवा साध्या गोड्या पाण्याची टाकी आहे, त्यांना सांगते. पाणी हिरवं झालं की दुकानदार बाटली देईल. ती घेण्याआधी आठवडाभर फक्त लिहून ठेवा, कोण, किती वाजता, काय घालतं. घरातल्या सगळ्यांना विचारा. आवाज न चढवता विचारा.

बाकी प्रश्न जेवताना विचारा. मला सांगण्यात आलंय की सोलकढी मोजकीच आहे आणि दुसऱ्या रांगेतले गृहस्थ आधीच उठलेत.